घशापासून झडपेपर्यंत

१८८९ च्या ऑक्टोबरात लंडनचे एक नामांकित डॉक्टर हैदराबादेत दाखल झाले. थॉमस लॉडर ब्रंटन त्यांचं नाव. छातीत कळ येणाऱ्या रुग्णाला अमाइल नायट्राइट हुंगवलं की आराम पडतो, हे त्यांनी तरुणपणीच दाखवून दिलं होतं, त्यामुळे हृदयाच्या औषधोपचारांत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचा इथवरचा प्रवास झाला तो निजामाच्या पैशाने. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने आपला माणूस म्हणून ब्रंटन यांना निवडलं. वाद क्लोरोफॉर्मचा होता. गुंगी देताना माणूस दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी ठामपणे सांगत की आधी श्वास जातो, तेव्हा गुंगी देणाऱ्याने नाडी धरून बसू नये, श्वासावर नजर ठेवावी. ब्रंटन आले ते उलट मत घेऊन. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटन लॉरींच्या बाजूला गेले. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी डॉक्टरही त्या कामात होती. जगातल्या पहिल्यावहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतात. हे प्रयोग करणाऱ्या कमिशनचा निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय थेट बिघडू शकते, हे १९११ मध्ये सिद्ध झालं.

हैदराबादेत या ब्रंटन यांची आठवण निघते ती क्लोरोफॉर्मसाठी. मला ते महत्त्वाचे वाटतात ते त्यांच्या दुसऱ्याच एका टिपणासाठी. ८ फेब्रुवारी १९०२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं की हृदयाची डावीकडची, मायट्रल झडप आकसून गेलेल्या रुग्णांना औषधांचा उपयोग होत नाही हे बघवत नाही, ती आकसलेली झडप शस्त्राने मोकळी करता येईल का, याचा विचार व्हायला हवा. त्यांनी मृतदेहांतल्या हृदयांवर आणि जनावरांवर हात चालवून पाहिला होता. जिवंत रुग्णावर नाही. आणि ते सर्जनही नव्हते. त्याच साप्ताहिकाने संपादकीयातून त्यांचे कान उपटले. त्या काळातल्या हृदयाच्या जाणकारांची धारणा अशी की झडप हा मामुली भाग, बिघाड असतो तो हृदयाच्या स्नायूत.

६ मे १९२५ ला हेन्री सौटार या लंडनच्या सर्जनने एका मुलीच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी वाचली, घरी गेली. तरी डॉक्टरांनी त्यांच्याकडे त्या शस्त्रक्रियेसाठी दुसरा रुग्ण पाठवला नाही. पुढचं पान उलटायला १९४८ उजाडलं. फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांचे आधीचे रुग्ण दगावले होते. १० जून १९४८ ला त्यांनी एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या इस्पितळांत दोन शस्त्रक्रिया ठेवल्या. पहिला रुग्ण गेला. ती बातमी पोचून आपल्याला मज्जाव होण्याआधी ते दुसऱ्या इस्पितळात गेले, आणि तिथली बाई बरी झाली. आज असा सर्जन तुरुंगात जाईल. सहा दिवसांनी बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन आणि त्याच वर्षी लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांना यश आलं. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने पन्नाशीच्या दशकात हे काम आपल्याकडे रुजवलं. याच सेनांनी १६ फेब्रुवारी १९६८ ला आशियातलं पहिलं हृदयरोपण करून पाहिलं.

१९०२, १९२५, १९४८. झडपेच्या आजाराचा इतिहास असा थांबत थांबत चालतो. आजारही तसाच चालतो. काय करायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं. कधी करायचं आणि ते करायला कोण हजर असणार, इथे घोडं अडतं.

पुन्हा हैदराबादकडे येऊ. नांदेडकडून येणारी गाडी मलकाजगिरी सोडून काचीगुड्याकडे निघाली की सीताफळमंडी, आर्ट्स कॉलेज, जामिया उस्मानिया आणि विद्यानगर ही लोकलची छोटी स्टेशनं भराभर मागे पडतात. विद्यानगरच्या एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला नल्लाकुंटा. १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांची राजधानी हेच शहर होतं. राज्य बदललं, सवय राहिली. धर्माबाद-बिलोलीकडच्या, देगलूरकडच्या घरांत दुखणं हाताबाहेर जातंय असं वाटलं की आजही ‘हैदराबादला दाखवून आणू’ हेच वाक्य निघतं. पुण्या-मुंबईपेक्षा हे जवळ, आणि कुणीतरी नात्यातलं इथे असतंच.

विद्यानगरात दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय आहे. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, घटना समितीच्या सभासद. त्यांनी मद्रासेत सुरू केलेल्या आंध्र महिला सभेचं काम पुढे हैदराबादेत वाढलं, त्यातलं हे. आडनाव मात्र आपलं. १९५३ साली त्यांनी चिंतामणराव देशमुखांशी लग्न केलं. महाडजवळच्या नाते या गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे ते चिंतामणराव. मेघदूताचं मराठी रूपांतरही त्यांच्या नावावर आहे. १९८२ साली त्यांनी देह ठेवला तो याच हैदराबादेत. महाराष्ट्रासाठी मंत्रिपद सोडलेला माणूस अखेर तेलुगू मुलखाचा रहिवासी झाला, याचं महाराष्ट्रात फारसं कुणाला सोयरसुतक दिसत नाही.

महिला सभेचा आरंभ बायकांच्या शिक्षणातून आणि बाळंतपणाच्या सोयीतून झाला. झडपेच्या आजाराविषयी लिहिताना हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडे मायट्रल झडप आकसणं हा मुख्यतः बायकांचा आजार आहे, आणि तो पुष्कळदा पहिल्यांदा सापडतो तो बाळंतपणाच्या ओपीडीत.

मायट्रल झडप डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये असते. निरोगी असताना तिचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडतं. आजारात तिच्या पाकळ्या जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, आणि तोंड दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली आलं की आजार गंभीर समजतात. वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, त्याचा दाब मागे फुप्फुसांवर येतो. बाई शांत बसलेली असताना सगळं निभतं. रक्त खाली उतरतं ते दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत, आणि ठोके वाढले की आधी ही विश्रांतीच आटते. त्यात दिवस गेले की शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ठोकेही वाढतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात जिना चढवत नाही. रात्री आडवं झालं की जीव घाबरतो, उठून बसावं लागतं. घरात सासू म्हणते, पोटात बाळ आहे, दम लागणारच. पुष्कळदा डॉक्टरही तेच म्हणतात. बाळंत झाल्यावर गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे परततं, आणि आतापर्यंत कशीबशी तगलेली बाई त्या तासांत फुप्फुसात पाणी होऊन अत्यवस्थ होते. दिवस गेलेल्या बाईच्या छातीला पहिल्याच भेटीत नीट स्टेथोस्कोप लावणं, एवढ्या साध्या गोष्टीवर इथे दोन जीव अवलंबून असतात.

आजार लपायला आणखी जागा आहेत. फुप्फुसातला दाब वाढून खोकल्यातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिली शंका क्षयाची. क्षयाच्या गोळ्या सहा सहा महिने घेतल्यावर मग कुणीतरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला सांगतो, अशी उदाहरणं हृदयाच्या कुठल्याही डॉक्टरला तोंडपाठ असतात. कधी दमा म्हणून पंप सुरू असतो, कधी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या. फुगलेल्या डाव्या कप्प्याने स्वरयंत्राची नस दाबली तर आवाज घोगरा होतो आणि रुग्ण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो. पाश्चात्त्य पुस्तकांत या रुग्णांचे गाल गुलाबी दिसतात असं लिहिलेलं असतं. ते पाठ करून मराठवाड्यातल्या सावळ्या गालांकडे बघणाऱ्या विद्यार्थ्यांची मला नेहमी कीव येते. काहींच्या बाबतीत तर पहिली खूण म्हणजे थेट अर्धांग. वरचा कप्पा फुगून त्याची लय बिघडते, तिथे गुठळी साकळते आणि ती मेंदूत जाते. तिशीतल्या बाईचं तोंड वाकडं झालं, तर मेंदूच्या इतकंच हृदयाकडे बघायला हवं.

कानाने हा आजार ओळखणं ही एक कला आहे आणि ती ओसरत चालली आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू हृदयाच्या टोकावर अलगद टेकवायची, जोराने दाबायची नाही. पहिला ठोका टणक लागतो, दुसऱ्यानंतर झडप उघडल्याचा चट्‌ असा बारीक आवाज, आणि मग खोल घुमणारी घरघर. पंख्याच्या आवाजात, ओपीडीच्या गोंगाटात ही घरघर हरवते. त्यासाठी खोली शांत लागते आणि दोन मिनिटं लागतात. सरकारी दवाखान्यात दोन्हींची टंचाई.

सोनोग्राफीचं यंत्र हृदयाकडे वळलं ते नेमकं याच झडपेसाठी. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एड्‌लर यांच्यापुढे पेच होता: शस्त्रक्रियेला पाठवायचा रुग्ण आकसलेल्या झडपेचा की गळक्या झडपेचा, हे आधी ठरवायचं कसं? १९५३ मध्ये हेल्मुट हर्ट्‌झ या भौतिकशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी जहाजबांधणीच्या गोदीत लोखंडातले तडे शोधणारं ध्वनिलहरींचं यंत्र छातीवर लावून पाहिलं. आज ‘टुडी’ या नावाने गल्लोगल्ली होते ती तपासणी त्यातून वाढली. पुढे डॉप्लर आलं आणि रक्ताचा वेग मोजता येऊ लागला. झडपेचं तोंड किती, वरचा कप्पा किती फुगला, फुप्फुसातला दाब किती, सगळं पंधरा-वीस मिनिटांत, सुई न टोचता. निदान हा आता अवघड भाग उरलेला नाही. रुग्ण त्या खोलीपर्यंत किती उशिरा पोचतो, एवढंच.

आणि झडप बिघडायला सुरुवात झालेली असते त्या खोलीपासून बरीच वर्षं मागे, घशात.

विद्यानगरला लागून नल्लाकुंट्यात सरकारी फीव्हर हॉस्पिटल आहे. जुनी माणसं त्याला कोरंटी दवाखाना म्हणतात. साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायची ती जागा. सिकंदराबादेत १८९७ साली डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचं नाव आता त्याला दिलेलं आहे. घटसर्पाची मुलं याच दवाखान्यात येतात. घटसर्पाचा घसा भयंकर दिसतो, मूल गुदमरतं, घर हादरतं. झडप खाणारा घसा मात्र अगदी साधा असतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप, गिळताना दुखणं, मानेत गाठी. जंतू स्ट्रेप्टोकोकस. चार दिवसांत मूल आपोआप बरं होऊन खेळायला जातं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग कोपर. जंतूशी लढायला तयार झालेली शरीराची फौज सांध्यांवर आणि हृदयावरच उलटते, कारण तिथल्या काही प्रथिनांची ठेवण जंतूसारखी असते. हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. सांधे पूर्ण बरे होतात. म्हणूनच पालक निर्धास्त होतात.

घसा प्रत्येकाचा दुखतो, झडप थोड्यांचीच जाते. दाटीवाटीने राहणं, एका खोलीत सात-आठ जणांनी झोपणं, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग आणि जवळ डॉक्टर नसणं, यांचा तो हिशेब आहे. युरोप-अमेरिकेत पेनिसिलिन येण्याच्या आधीपासूनच घरं सुधारली तसा हा ताप कमी होत गेला होता.

पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेलं असायचं की तापानंतर झडप आकसायला वीसेक वर्षं लागतात. दिल्लीच्या एम्समधल्या एस. बी. रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की भारतात विशीच्या आतच मुलं-मुली अतिशय आकसलेल्या झडपा घेऊन येतात. ज्या साप्ताहिकाने ब्रंटन यांना फटकारलं, त्यातच हे छापून आलं. आपल्या मुलांना ताप पुन्हा पुन्हा येत राहतो आणि प्रत्येक वेळी झडपेवर नवा थर चढतो, हे त्याचं एक कारण.

हा पुन्हा पुन्हा येणारा ताप अडवता येतो. बेंझाथिन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन, कमरेत, दर २१ दिवसांनी. हृदयाला धक्का लागलेला नसेल तर पाच वर्षं किंवा वयाच्या एकविशीपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल ते. झडप खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा कायम. औषध अत्यंत स्वस्त, आणि दुखतं भयंकर. सुई जाड, द्रव घट्ट. दोन दिवस मुलगी लंगडते. शाळा बुडते, मजुरी बुडते. शिवाय पुष्कळ दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच नकार देतात, कारण पेनिसिलिनची जीवघेणी ॲलर्जी होईल ही धास्ती. खरी ॲलर्जी फार विरळ असते. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की इंजेक्शननंतर काही रुग्ण कोसळतात त्यामागे बहुधा ॲलर्जी नसून आधीच थकलेलं हृदय असतं, म्हणून झडप अतिशय खराब असलेल्यांना गोळ्यांच्या रूपात पेनिसिलिन द्यायचा विचार करावा. हे बारकावे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत. पोचते ती भीती.

या औषधाशी महाराष्ट्राचं जुनं नातं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन करायलाच. सरकारी मालकीची ती देशातली पहिली औषध कंपनी. पिंपरीच्या एका पिढीचे संसार त्या कारखान्यावर झाले. पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालापुढे देशातल्या पेनिसिलिनच्या भट्ट्या एकेक करून थंडावल्या, पिंपरीचा कारखाना आजारी पडला, आणि ज्यात नफा नाही असं हे इंजेक्शन मधूनमधून बाजारातून गायब होऊ लागलं. २०२४ मध्ये हैदराबादच्या अरबिंदो फार्माने काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचं उत्पादन पुन्हा देशात सुरू केलं. सरकारला प्रोत्साहन योजना काढून जे परत आणावं लागलं ते आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वी होतं. याला धोरण म्हणायचं की विसराळूपणा, वाचकाने ठरवावं.

झडप आकसून गेली, इंजेक्शनांची वेळ टळून गेली, तरी मायट्रलच्या रुग्णांना अजून एक चांगली वाट असते. कांजी इनोउए या जपानी सर्जनने १९८२ मध्ये पहिल्यांदा वापरलेला फुगा. मांडीच्या शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात न्यायची, मधल्या पडद्याला सुईने भोक पाडून डावीकडे जायचं, झडपेत फुगा ठेवून फुगवायचा. आधी त्याचं पुढचं टोक फुगतं, मग मागचं, मध्ये कंबर राहते, अगदी डमरूसारखी. त्या कंबरेत झडप पकडली जाते आणि शेवटी कंबर फुगते तेव्हा चिकटलेल्या कडा सुटतात. काही सेकंदांचं काम. बाई टेबलावर जागी असते. फुगा काढल्यावर वरच्या कप्प्यातला दाब समोरच्या पडद्यावर खाली येताना दिसतो आणि पुष्कळ जणींना त्याच क्षणी छाती हलकी वाटते. दोन दिवसांत घरी. छातीवर व्रण नाही. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरच्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल किती, ते इथे सांगायला नको. फुगा महाग, म्हणून आपल्याकडे तो निर्जंतुक करून अनेकांसाठी वापरायची पद्धत पडली. परदेशी पाहुण्यांच्या भुवया उंचावतात. पण नवाच फुगा वापरायचा हट्ट धरला असता तर यातल्या कितीतरी बाया हा उपचार न मिळताच गेल्या असत्या.

सगळ्यांनाच फुगा चालत नाही. झडप किती हलते, किती जाड झाली, किती चुना बसला आणि खालच्या दोऱ्या किती आखडल्या, या चार गोष्टींना प्रत्येकी चारपर्यंत गुण देतात. बेरीज आठच्या आत असली की निकाल चांगला. वरच्या कप्प्यात गुठळी असली किंवा झडप आधीच खूप गळत असली की मग छाती उघडून झडप बदलावी लागते.

बदलायची ती कशाने? धातूची झडप टिकते, पण जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. डुकराच्या किंवा गाईच्या ऊतीची झडप घेतली तर ती गोळी बहुतेकांना काही महिन्यांनी थांबवता येते, पण दहा-पंधरा वर्षांत झडप थकते आणि तरुण वयात त्याच्याही आधी. डुक्कर की गाय, यावर नातेवाइकांचं जे खलबत चालतं ते माझ्या मते निरर्थक नाही. छातीत काय बसवून घ्यायचं हे विचारायचा हक्क माणसाला आहे. धातूच्या झडपा परदेशातून यायच्या तेव्हा गरिबांच्या आवाक्याबाहेर होत्या. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांच्या पथकाने वर्षानुवर्षं खपून देशी झडप घडवली. पहिली तीन रूपं फसली. चौथं, कडक प्लॅस्टिकची कलती चकती आणि धातूचा सांगाडा असलेलं, ६ डिसेंबर १९९० ला पहिल्यांदा माणसात बसवलं गेलं. टीटीके-चित्रा या नावाने ती झडप आजवर लाखावर रुग्णांना लागली. वलियाथन पुढे चरक-सुश्रुतांवर ग्रंथ लिहीत राहिले. २०२४ मध्ये गेले.

झडप बदलली म्हणजे सुटका झाली असं घरच्यांना वाटतं. खरं तर एका आजाराच्या जागी दुसरी शिस्त येते. गोळी रोज ठरल्या वेळी. आयएनआर नावाची रक्ताची तपासणी सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला. मायट्रलच्या जागी धातूची झडप असली तर हा आकडा साधारण अडीच ते साडेतीन ठेवायचा. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मेथी, पालक, शेपू खाऊ नका असं सरसकट सांगितलं जातं, ते चूक आहे. पालेभाजी खावी, रोज साधारण सारखी खावी. आज जुडीभर आणि मग आठवडाभर काही नाही, असं नको. दुखणं उठलं म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी इथे विषासारखी ठरू शकते. दात काढण्याआधी झडपेचं सांगायचं, म्हणजे आधी प्रतिजैविक देता येतं. रक्त पातळ करणारी नवी औषधं आली, ज्यांना तपासणी लागत नाही. ती धातूच्या झडपेला चालत नाहीत हे प्रयोग मध्येच थांबवावे लागल्यामुळे कळलं. आकसलेल्या झडपेसह लय बिघडलेल्यांसाठीही २०२२ मध्ये २४ देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात जुनी गोळीच सरस ठरली.

आणि ज्या बाईला धातूची झडप आहे तिला दिवस गेले तर? गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते. गोळी बंद करून हेपॅरिनची इंजेक्शनं दिली तर झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून अविवाहित मुलीची झडप बदलताना पुढच्या बाळंतपणाचं बोलणं शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवं. ते बोलणं बापाशी होतं, भावाशी होतं, कधी होणाऱ्या सासऱ्यापासून लपवूनही होतं. तिच्याशी क्वचित.

विद्यानगरच्या ओपीडीच्या बाकावर आता दुसराही रुग्ण बसतो. सत्तरी ओलांडलेला, बँकेतून किंवा विद्यापीठातून निवृत्त झालेला. त्याची महाधमनीची झडप वयाने चुना धरून आकसते. काहींची जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते, त्यांची लवकर. तीन-चार चौरस सेंटिमीटरचं तोंड एकाच्या खाली आलं की आजार गंभीर. ही झडप वर्षानुवर्षं तक्रार करत नाही आणि मग घाई करते. छातीत दुखू लागल्यावर सरासरी पाच वर्षं, चक्कर येऊन पडू लागल्यावर तीन, दम लागू लागल्यावर दोन, असा हिशेब जॉन रॉस आणि युजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ मध्ये मांडला. तो अजून शिकवला जातो. अशा रुग्णाने ‘या वयात कशाला’ म्हणून थांबणं परवडत नाही. १६ एप्रिल २००२ ला फ्रान्समधल्या रुआँमध्ये आलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता नळीतून पहिली झडप बसवली. गुजरातेत वापीला तशी झडप तयार होते आणि २०१८ पासून ती भारतात वापरात आहे. खर्च अजूनही दोन आकडी लाखांत.

एकाच बाकावर हे दोघं: निवृत्त काकांसाठी मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो आणि बिलोलीची मुलगी सरकारी योजनेचं कार्ड चालतं का ते विचारत खिडक्या पालथ्या घालते. आंध्रात २००७ साली आरोग्यश्री आली, महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी, पुढे तिचं नाव महात्मा फुल्यांचं झालं. या योजनांमुळे झडपेच्या शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आल्या, यात शंका नाही. कार्ड एका राज्याचं आणि जवळचं इस्पितळ दुसऱ्या राज्यात, ही सीमेवरची कटकट वेगळीच. पण माझी खरी तक्रार निराळी आहे. या योजना शस्त्रक्रियेचे पैसे भागवतात कारण शस्त्रक्रियेला तारीख असते, बिल असतं, फोटो असतो. २१ दिवसांच्या इंजेक्शनाला यातलं काहीच नसतं.

ते काम करतं याचा पुरावा आता भक्कम आहे. २००७ मध्ये मोझांबिक आणि कंबोडियातल्या शाळांत नुसत्या स्टेथोस्कोपने हजारी दोन-सव्वादोन मुलांत आजार सापडला. इको केल्यावर मोझांबिकमध्ये तीस, कंबोडियात एकवीस. युगांडात अशा, काहीच त्रास नसलेल्या मुलांना दोन वर्षं इंजेक्शन दिलं, तेव्हा आजार वाढला शंभरात एकापेक्षा कमी जणांत. इंजेक्शन न दिलेल्यांत शंभरात आठ जणांत. हा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये २०२१ साली छापून आला. आता हातात मावणारी इको यंत्रं आहेत, नर्सलाही शिकवता येतात. शाळेत मुलं सापडतील. पुढची पाच-दहा वर्षं त्यांना कोण टोचणार, ते ठरलेलं हवं. त्यासाठी उपकेंद्रात एक रजिस्टर लागतं: नाव, गाव, मागची तारीख, पुढची तारीख, आणि तारीख चुकली तर घरी जाणारी आशाताई. मुलगी लग्न होऊन देगलूरहून निजामाबादकडे गेली की तिकडच्या रजिस्टरात तिचं नाव चढायला हवं. सध्या ते काम तिच्या पिशवीतल्या घडी पडलेल्या कागदावर आणि सासरच्यांना तो दाखवायच्या तिच्या धैर्यावर सोडलेलं आहे.